दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर माझ्यानंतरचे वक्ते बोलणार आहेत. मी दारूवर बोलतो, पण दारूबंदीवर नाही. बंदीचा अनुभव विदर्भाला भरपूर आहे. वर्ध्यात फार आधीपासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली झाली, २०२१ साली उठली. बंदी हवी की नको, यावर आपण रात्रभर भांडू शकतो. पण ज्याला आधीच लागली आहे त्याचे हात सकाळी कापतातच, दुकान उघडं असो की बंद. त्या माणसाने करायचं काय?

आपल्याकडे शपथ घालतात. माळ घालून ज्याची सुटली त्याला माझा नमस्कार. पण जो वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून पितो त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दिवसातच थरथर आणि घाम सुटतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात. गाव म्हणतं बाहेरची बाधा झाली. बाधा नाही, दारू तुटल्याचा आजार आहे, आणि त्यात माणूस दगावतो. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात जा, मानसोपचाराचा विभाग विचारा.

मायबहिणींना एक सांगतो. भाजीत गुपचूप कालवायची पुडी कोणी विकत असेल तर घेऊ नका. दारूवर उलटणारं औषध खरं आहे, पण ते माणसाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीत देतात. नकळत दिलं आणि तो वरून प्यायला, तर जिवावर बेततं.

आता दवाखान्यातून आल्यावरचं. हरळी तुम्हाला ठाऊक आहे. वरून कापली की शेत स्वच्छ दिसतं, पण जमिनीत काश्या राहतात. दवाखान्याचे दहा-पंधरा दिवस ही नांगरणी झाली. काश्या वेचायचं काम पुढे वर्षानुवर्षं चालतं, आणि ते एकट्याने होत नाही.

त्यासाठीच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, लोक ज्याला एए म्हणतात, ते आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून हे उभं राहिलं. तिथे फी नाही, उपदेशक नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. (आपल्या चळवळींनी हे एक शिकण्यासारखं आहे.)

पहिल्यांदा जाणाऱ्याने मागे बसावं. बोलायची सक्ती नसते. आडनाव, गाव, जात कोणी विचारत नाही. एकेक जण उठतो, आपलं पहिलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि काय झालं ते सांगतो. मधे कोणी टोकत नाही. ईश्वराचं नाव निघतं, पण ज्याला जसा समजेल तसा. न मानणारेही बसतात. जन्मभराची शपथ मागत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. एका सभेवरून मत करू नका, चार-पाच पाहा. घरच्यांना खुल्या सभेला येता येतं, आणि त्यांच्यासाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गटही असतात.

गट शोधायचा कसा? १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. मानसिक त्रासासाठी १४४१६ आहे. जिल्हा रुग्णालयातला समुपदेशक आणि जवळचं व्यसनमुक्ती केंद्र यांना वार, वेळ, जागा विचारा आणि लिहून घ्या. शाळेची खोली, चर्चचा हॉल, अशा जागी सभा भरतात. बाहेर मोठी पाटी असेलच असं नाही.

अडचण पुढे आहे. सभा संध्याकाळी शहरात, आणि शेवटची एसटी त्याआधी निघते. शहरात नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद सभा सांगतात. वेचणीच्या दिवसांत आपल्याला ते जमायचं नाही. मग आठवड्याची एक सभा धरा, दोघातिघांनी मिळून एका गाडीवर जा, आणि मधल्या दिवसांसाठी तिथल्या जुन्या माणसाचा फोन नंबर घ्या. प्यावीशी वाटली की घोटाच्या आधी फोन करायचा, नंतर नाही. गट जवळ नसेल तर दोन माणसंही बसून सुरू करू शकतात, एएची तशी रीतच आहे.

चुकाऱ्याचा दिवस सगळ्यात वाईट. जिनिंगवरून पैसे खिशात आले की रस्ता आपोआप गुत्त्याकडे वळतो. त्या दिवशी एकटं जाऊ नका. सोबत असा माणूस न्या जो स्वतः सोडून बसला आहे. पोळा आणि लग्नसराईलाही तेच.

लोक मला म्हणतात, साहेब, सभेला गेलो तर गावात कळेल. अरे भाऊ, नाल्यात पडलेला गावाने पाहिला आहे, आता कळायचं काय राहिलं? गुत्त्यावर दिवसाढवळ्या जाणाऱ्याला सभेच्या दाराशी लाज वाटते, हे मी अनेकांत पाहिलं आहे. म्हणून पहिल्या दिवशी कोणीतरी दारापर्यंत सोबत करावी. भावाने करावी, मित्राने करावी, आपल्या गावशाखेच्या कार्यकर्त्याने करावी.

आजची बैठक संपली की मी मंडपामागे पाण्याच्या टाक्याजवळ थांबतो. नावं लिहून घेणार नाही. कोणाच्या गावाहून कोणती गाडी केव्हा निघते, एवढंच जुळवू.