एम्प्रेस मिलच्या गावात आपले स्वागत



समस्त नागपूरकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. कर्मचाऱ्यांचे वर्तन आणि कामाच्या ठिकाणचे स्वास्थ्य हा आपल्या परिषदेचा विषय. मी कापडाचा व्यापारी. दुकानात चार माणसे आहेत आणि त्यांचे वर्तन मला अजून कळलेले नाही. तरीही स्वागताध्यक्षपद मला मिळाले, कारण मंडपवाल्याशी घासाघीस करायला गावातलाच माणूस लागतो.

संत्री आणि झिरो माइल आपण पाहालच. मी सांगणार आहे ते एम्प्रेस मिलबद्दल. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, त्याच दिवशी जमशेटजी टाटांची ही गिरणी इथे सुरू झाली. व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. गृहस्थ रेल्वेतले, सुताशी संबंध अंगावरच्या कपड्यापुरता! पण गिरणी त्यांनी उभी केली. आज त्यांचे नाव आमच्याच गल्लीत कोणाला ठाऊक नाही, ही खंत मी प्रत्येक सभेत मांडतो. आज आपली पाळी.

तेव्हा गिरणीची अडचण अशी की कामगार रोज कामावर येत नसत. दंड लावणे सोपे होते. इथे मात्र खेळ ठेवले, बक्षिसे वाटली, हवा खेळती केली. १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. भरपाईचा कायदा देशात आला १९२३ साली! अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात उजेडाचा कामावर काय परिणाम होतो हे पाहणारे दिव्यांचे प्रयोग १९२४ चे. आपल्या निबंधांत हॉथॉर्न येईलच. त्याच्या आधी एक ओळ आमच्या गिरणीला द्यावी, एवढीच हाव.

सगळेच गोड होते असे नाही. माझे आजोबा गिरणीतली पाळी संपवून घरी येत तेव्हा भुवयांवर कापसाची पांढरी लव असे. आजी ओल्या पंच्याने ती पुसायची आणि मगच ताट वाढायची. आता भोंगा नाही. गिरणीच्या जागी मॉल आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पण डाव्या बाजूचा कूलर वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतो. काहींना गाद्या पातळ मिळाल्या. सकाळच्या पोह्यांवरची तर्री पाहुण्यांना झोंबली, त्याबद्दल क्षमा; ती कमी तिखटच केली होती. धान्य देणारे इतवारीचे व्यापारी, पाण्याचे जार पुरवणारे मित्र, खोल्या उघडून देणारे शेजारी आणि रात्रभर खांब रोवणारी मंडपाची पोरे, सर्वांचे आभार.

शेवटी एक विनंती. वाढपी मुले आपली शेवटची पंगत उठल्यावरच जेवतात. तेव्हा कामगारांच्या स्वास्थ्यावरचे सत्र कृपा करून वेळेत संपवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.