अंतेवासी



संस्कृतात शिष्याला ‘अंतेवासी’ म्हणतात. गुरूच्या समीप राहणारा, हा त्याचा अर्थ. विद्येच्या आधी सान्निध्य, हेच त्या शब्दाचे मर्म. ज्याचे मायबाप हरपले, अथवा अजाण वयात गुन्हा घडल्याने ज्याला सुधारगृहात जावे लागले, त्या बालकाला नेमके हे सान्निध्यच दुर्लभ असते.

या कार्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७५ साली पंढरपुरास बालकाश्रम स्थापन झाला. २०१५ च्या बालन्याय कायद्याने संस्थेतील वास हा अखेरचा उपाय मानला, विशेष प्रसंग वगळता अपराधाची जुनी नोंद पुसावी असे ठरविले, आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्यास अर्थसाहाय्याची तरतूद केली. मध्य प्रदेश शासनानेही २०२२ साली त्यासाठी योजना काढली.

परंतु द्रव्य मिळाले म्हणून पाठीवरचा हात मिळतो असे नाही. संस्थेचे दार मागे मिटते, त्या सायंकाळी त्या मुलाने जावे कोणाकडे? त्याला वडीलधारा स्नेही हवा. त्या स्नेह्याने ठरल्या वारी न चुकता यावे, गतकाळ उकरू नये, पाळता न येणारे वचन देऊ नये. तापीकाठच्या या बुऱ्हाणपुरात मागावरचा धागा तुटला म्हणून कोणी वस्त्र टाकून देत नाही. गाठ मारून विणकाम पुढे चालवितात.

समावर्तनानंतरही गुरुगृह शिष्याला परके होत नसे. तसे एकेका घराने एकेका बालकाला आपले म्हणावे, एवढीच प्रार्थना.