दादऱ्याचा रस्ता कोणी अडवला?



सुरतेतल्या मराठी माणसाला गुप्त कारवाई म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात. मी आज वापीच्या पलीकडे नेणार आहे, दादरा-नगर हवेलीत.

१९५४ साली सुरत मुंबई राज्यात होतं आणि हे दोन तुकडे पोर्तुगालकडे. दमणहून तिथे जायचं तर मध्ये भारताची जमीन. २२ जुलैला दादऱ्याचं पोलीस ठाणं पडलं, फौजदार आनिसेतो रोझारियो मारला गेला. मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. लढणाऱ्यांत आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर आणि चक्क आपले सुधीर फडके! निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या.

हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला अडकवतं ते सरकारचं वागणं. दिल्ली म्हणत होती, हा लोकांचा उठाव आहे. आणि भारताचं सैन्य आत गेलं नव्हतंच. पण दमणहून कुमक न्यायला पोर्तुगीजांना वाट दिली नाही. शेवटी कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्टला शरण आला, तो स्वयंसेवकांना नाही, भारतीय पोलिसांना. म्हणजे गोळी झाडायची नाही, फक्त रस्ता बंद करायचा. त्याच वर्षी जूनमध्ये सीआयएने ग्वाटेमालात हत्यारं आणि पैसा पुरवून निवडून आलेलं सरकार घालवलं होतं. दोन्ही एका तराजूत घालू नका, इथे वसाहत जात होती. पण 'आम्ही नाही त्यातले' हे बोलणं दोन्हीकडे होतं.

पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल वाचा, खरंच वाचा. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हता. तणाव पाहता भारताने वाट रोखली ते बेकायदा ठरलं नाही.

वसाहत गेली याचा मला आनंदच आहे. पण पडद्यामागे कोणी काय ठरवलं, हे विचारायचं कोणाला? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने आयबी आणि रॉ बाहेर ठेवलेत. अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. सीमेवर राहणाऱ्याची वाट आज बंद झाली, तर त्याला हा अपवादच धरून भांडावं लागेल.

जुने कागद मात्र मागता येतात. मी अर्ज लिहायला घेतलाय. भाषणानंतर थांबा, कोणाला सही करायची असेल तर.