भट्टीचा वाढपी

श्रोतेहो, पोलाद कारखान्यांतल्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांबद्दल बोलायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत. झोतभट्टी काय असते, डिझेल कसं चालतं, हे आपल्याला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला बोलायचं आहे ते रिकाम्या लॅडलबद्दल.

लॅडल म्हणजे आतून विटांचं अस्तर असलेलं, रुळांवर चालणारं प्रचंड भांडं. चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअस तापलेला लोखंडाचा रस त्यात घ्यायचा आणि पोलाद करतात त्या विभागात नेऊन ओतायचा. भरलेली लॅडल सगळ्यांना दिसते. तिचे फोटो निघतात. रिकामी परत येते तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि माझं म्हणणं असं की सगळा कारखाना त्या रिकाम्या लॅडलवरच चालतो.

लग्नातली पंगत आठवा. आमटीची बादली घेऊन वाढपी निघतो. आमटी हिंदकळता कामा नये, निवता कामा नये, हे आलंच. पण बादली रिकामी झाली की त्याला तितक्याच घाईनं आचाऱ्याकडे परतावं लागतं. आचारी निदान पातेल्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं थांबेल. झोतभट्टी थांबत नाही. वरून खनिज, कोक आणि चुनखडी पडत राहते, खालून झोत चालू असतो, रस साठत जातो. ठरल्या वेळी तोंड फोडावंच लागतं, आणि तेव्हा खाली रिकामं भांडं उभं नसेल तर रस ओतायचा कुठं?

आता वाफेचं इंजिन या पंगतीत उभं करून बघा. वाफेच्या इंजिनावर माझाही जीव आहे. पण त्याला पाणी हवं, कोळसा हवा, राख काढायला हवी, बॉयलर वेळोवेळी धुवायला हवा, आणि थंड पडलेलं इंजिन तयार करायला कित्येक तास आधी पेटवावं लागतं. आमटीची हाक आली आणि वाढपी स्वतःच जेवायला बसलेला, अशी ती गत. डिझेलनं नेमका हा वेळ वाचवला. टाकी भरली की पाळीमागून पाळी काम. धूर कमी झाला, फायरमनची गरज उरली नाही, हे फायदे सगळे सांगतात. रिकामी लॅडल वेळेवर परत येऊ लागली, हे मात्र राहून जातं.

उदाहरण इंग्लंडमधलं देतो. लिंकनशायरमधल्या स्कन्थॉर्पचा ॲपलबी-फ्रॉडिंगहॅम कारखाना. तिथल्या चार झोतभट्ट्यांना राण्यांची नावं आहेत: क्वीन मेरी, क्वीन बेस, क्वीन ॲन, क्वीन व्हिक्टोरिया. हा कारखाना तेव्हा युनायटेड स्टील कंपनीज या समूहाचा होता. या समूहानं 1945 साली शेफील्डची यॉर्कशायर इंजिन कंपनी हा रेल्वे इंजिनांचा कारखानाच विकत घेतला. आपल्या आवारातल्या गाड्या ओढायच्या तर इंजिनही आपल्या गरजेचं हवं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. तिथं 1950 च्या दशकात ‘जेनस’ हे डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन तयार झालं. मधोमध चालकाची केबिन, दोन्ही बाजूंना सारखीच बॉनेट, आणि प्रत्येक बॉनेटखाली रोल्स-रॉइसचं दोनशे अश्वशक्तीचं एकेक इंजिन. राजेरजवाड्यांच्या मोटारींमुळे आपल्या कानावर असलेलं नाव इथं लोखंडाचा रस वाहत होतं! इंजिन जनित्र फिरवी, जनित्राची वीज मोटरला जाई, त्यामुळे गाडी हिसका न देता हलवता येई. केबिन मधोमध असल्यानं जाताना-येताना चालकाला दोन्हीकडचं दिसे. आणि दोनांतलं एक इंजिन बिघडलं तरी दुसऱ्याच्या बळावर हळूहळू का होईना, हलता येई. एक हात दुखावला तर दुसऱ्या हातानं बादली पोचवणारा वाढपी!

ताशी किती मैल, असं रेल्वेचे शौकीन लगेच विचारतात. त्यांना मी प्रेमानं रागावतो. अहो, इथं वेगाचं काय घेऊन बसलात? हाक आली की इंजिन जाग्यावर आहे का, हे विचारा. अमेरिकेतसुद्धा 1925 साली व्यापारी तत्त्वावर विकलं गेलेलं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन कामाला लागलं ते न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या मालधक्क्यावर. मेल-एक्स्प्रेसचा मान डिझेलला पुढं मिळाला.

स्कन्थॉर्पचा आपल्याशीही संबंध आला. 2007 ते 2016 हा कारखाना टाटा स्टीलकडे, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे हाउसच्या कारभाराखाली होता. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये तिथल्या भट्ट्या विझतील या भीतीनं ब्रिटिश संसदेनं शनिवारी तातडीनं बसून कायदा केला, कारण विझलेली भट्टी पुन्हा पेटवणं महाकठीण. मी वाचलेल्या बातम्यांत कोक होता, खनिज होतं, ते आणणारी जहाजं होती. भट्टीखालून भांडी नेणारी-आणणारी इंजिनं कुठंच नव्हती. म्हणून पुन्हा सांगतो, रिकामी लॅडल परत आली नाही तर कोकच्या राशी असूनही भट्टी अडते.

रूळ, सांधे आणि सांधेवाल्यांबद्दल बोलायचं होतं. जड लॅडलखाली रूळ कसे दबतात, तेही... पण समोरच्या घड्याळाचा लाल काटा सरकतो आहे. एवढंच सांगतो. ॲपलबी-फ्रॉडिंगहॅमची रेल्वे जतन करणारी एक हौशी मंडळी आहे. ती कारखान्याच्या आवारातल्या रुळांवरून लोकांना गाडीनं फिरवून आणते. आपली मुलंबाळं तिकडं शेफील्डला, लीड्सला शिकत असतील तर त्यांना हे कळवा. आधी चौकशी करून जायला सांगा, आणि रिकामी भांडी भट्टीकडे निघाली की तिकडं बघायला सांगा.