पायाच्या रोहिणीतील अडथळा आणि त्याचे निदान

चालू लागल्यावर पोटरीत गोळा यावा, थोडे थांबल्यावर तो जावा आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर यावा, ही तक्रार बहुधा वयावर किंवा मणक्यावर ढकलली जाते. प्रत्यक्षात पोटातील महारोहिणीपासून पावलापर्यंत कोठेतरी रोहिणी अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. वेदना नितंबापर्यंत जात असेल तर अडथळा पोटात असण्याचा संभव अधिक. दुर्लक्ष झाले तर काही रुग्णांत पाय कापण्याची पाळी येते.

साध्या क्ष-किरण चित्रात रोहिणीतील वाट दिसत नाही. तीत किरण अडविणारे द्रव्य सोडावे लागते. १९२९ मध्ये लिस्बन येथे रेनाल्डो दुश सान्तुश यांनी कमरेतून लांब सुई थेट महारोहिणीत घालून तिची प्रतिमा मिळविली. धाडसाचेच काम ते! १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकविण्याची सुरक्षित रीत प्रसिद्ध केली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापू देण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या स्त्रीची रोहिणी अशाच नळ्यांनी रुंद केली. पाय वाचला; निदानाची नळी उपचाराची झाली.

आता निदानाचा आरंभ सुईने होत नाही. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, भागाकार ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास अडथळा मानतात. पुढे डॉप्लर सोनोग्राफी अरुंद जागी वाढलेला रक्ताचा वेग दाखविते. पोटातील वायू तिच्या आड येतो. तेथे सीटी अँजिओग्राफी उपयोगी पडते. मात्र तिच्यासाठी शिरेतून द्यावे लागणारे आयोडिनयुक्त द्रव्य दुर्बल मूत्रपिंडांना बाधू शकते.

खरी अडचण मधुमेहींची. कॅल्शियम साचून ताठरलेली रोहिणी पट्ट्याने दबत नाही, भागाकार १.४ च्याही वर जातो आणि रोग लपतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो. सीटीमध्येही तेच कॅल्शियम झळकून अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. शिवाय संवेदना बोथटल्याने वेदनेची सूचनाही अनेकांना मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. पावलावरील नाडी चाचपण्यास यंत्र लागत नाही; तरीही मधुमेहाच्या तपासणीत रुग्णाचे मोजे अनेकदा उतरविलेच जात नाहीत.