शिफारस



या स्नेहसंमेलनास प्रमुख पाहुणा म्हणून आपण मला पाचारण केलेत. कार्यक्रमास अवकाश होता म्हणून दुपारी मुख्याध्यापकांनी मला शाळेचे ग्रंथालय दाखवले, आणि खिडकीलगतच्या कपाटातील, तांबडे कापड चढवलेल्या एका पुस्तकाच्या अखेरीस डकवलेली देवघेवीची चिठ्ठी पाहून माझे पाऊल तेथून हलेना. चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे अवघे तीन शिक्के होते, आणि तिसऱ्या शिक्क्यानंतर अकरा वर्षे ते पुस्तक कोणी घरी नेलेले नव्हते. पुस्तक विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, आणि हे विष्णुभट तर आपल्या याच पेण तालुक्यातील वरसईचे! तेव्हा घरून लिहून आणलेला भाषणाचा मसुदा खिशातच राहू द्यावा, आणि वाचलेले पुस्तक दुसऱ्याला सांगण्याविषयीच आज आपल्याशी बोलावे, असे मनाने घेतले.

माझी उभी हयात महसुली कचेरीत गेली. अर्जावर ‘शिफारस आहे’ असा शेरा मारून खाली सही करणारा अंमलदार त्या अर्जदाराचा एका अर्थी जामीन होत असतो, आणि अर्जदाराची परिस्थिती स्वतःच्या डोळ्यांनी न पाहता केलेली शिफारस दप्तरात कितीही सुबक अक्षरांत नोंदली गेली असली तरी चौकशीच्या वेळी ती टिकत नाही, हे मी तेथे शिकलो. पुस्तकाच्या शिफारशीलाही मी हाच कायदा लावतो. ‘छान आहे, अवश्य वाच’ एवढ्या शब्दांवर कोणी पुस्तक उघडत नाही. सांगणाऱ्याने ते स्वतः वाचलेले असावे, समोरच्या माणसाचा स्वभाव ओळखलेला असावा, आणि आपल्याला कोणत्या पानाने धरून ठेवले ते त्याला सांगता यावे.

मी चौदा वर्षांचा असताना आमच्या गुरुजींनी मला शाळेच्या पडवीत थांबवून एवढेच सांगितले होते की, घरावरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघालेला एक भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडला, झाशीच्या वेढ्यात त्याने मरण पाहिले, सर्वस्व लुटले गेले, आणि तरीही परतताना तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन आला. ती कोणासाठी, ते तूच वाचून काढ. त्या रात्री मी कंदिलाची वात किती वेळा वर केली असेल, त्याची गणतीच नाही.

गेल्या महिन्यात ते पुस्तक मी पुन्हा वाचले. लहानपणी लढाईच्या वर्णनांत दंग झालेल्या मला या खेपेस एका वेगळ्याच जागी थांबावे लागले. नगरात कत्तल चालू असताना, पाण्याच्या थेंबासाठी जीव व्याकूळ झालेला असताना, झाशीच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाची जी धूळधाण झाली तिची नोंद घेण्यास हा माणूस विसरत नाही, आणि ती वाचताना त्याच्या काळजाला पडलेली घरे आजही आपल्याला जाणवतात. ज्याच्या पोटाची भ्रांत मिटलेली नाही असा भिक्षुक पोथ्यांसाठी हळहळतो! आणि ती कावड? तिच्यातल्या गंगोदकाने त्याने घरी पोहोचल्यावर आईवडिलांना स्नान घातले. हे पुस्तक लिहून काढण्याचा आग्रह चिंतामणराव वैद्य यांनी धरला आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ साली त्यांनीच ते प्रसिद्ध केले. एका जाणत्या माणसाने ‘लिहा’ म्हटले नसते, तर तोंडीच सांगितल्या गेलेल्या त्या आठवणी सांगणाऱ्याबरोबरच संपल्या असत्या.

खानदेशातील दाखला याहूनही हृद्य आहे. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांच्या ओठी येणारी गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेव स्वतः नामांकित कवी. परंतु आईची गाणी लोकांपुढे ठेवावीत की नाही या संकोचात ते होते. अखेर त्यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि अत्र्यांनी ती नुसती वाखाणली नाही, तर छापण्याचा हट्ट धरला, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती आली. लाखो वाचकांपर्यंत गेलेल्या त्या पुस्तकाच्या मुळाशी, एका माणसाने दुसऱ्यापुढे बिचकत धरलेली एक वही आहे. आपणांपैकी कोणाच्या आजीच्या ओठी अशा ओव्या असतील, तर त्या आजच टिपून घ्या; त्यासाठी परीक्षा संपण्याची वाट पाहू नका.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही मी सध्या वाचत आहे, त्या पुस्तकाबद्दल पुष्कळ बोलण्यासारखे आहे, परंतु तुमची नाटुकली खोळंबली आहेत आणि पडद्यामागे रंगवलेले चेहरे घामाने ओघळू लागले असतील, म्हणून तो मोह आवरतो.

एकच विनंती करतो. वाचलेले पुस्तक परत करताना देवघेवीच्या चिठ्ठीशेजारी एक कोरा कागद ठेवा, त्यावर आपले नाव, इयत्ता आणि आपल्याला थांबवून धरणाऱ्या पानाचा आकडा लिहा. अभिप्राय नको, स्तुती तर नकोच. पुढचा वाचक ते पान आधी उघडील, आणि तुम्ही त्याचे जामीन राहाल. ‘माझा प्रवास’मध्ये असा पहिला कागद मी दुपारीच ठेवला आहे, झाशीच्या ग्रंथसंग्रहाच्या पानाचा आकडा लिहून. ते पुस्तक ग्रंथपालबाईंनी येथे व्यासपीठावर आणले आहे, शिक्काही बरोबर आहे. ज्याला वा जिला ते आज घरी न्यायचे असेल, त्याने वा तिने वर यावे.