वाचलं खरं, कळलं का?

(वरवंड इथे तरुणांसमोर एका छात्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डी.एल.एड. करतेय. आंतरवासितेच्या काळात या भागातल्या पहिली ते तिसरीच्या वर्गांत मागच्या रांगेत बसून मुलं वाचायला कशी शिकतात ते टिपून ठेवलं. आज तेवढ्यावरच बोलते.

दुसरीतली एक मुलगी अख्खं पान घडाघडा वाचायची. बोटही ओळीवरून फिरायचं. मी मधेच 'पाणी' या शब्दावर बोट ठेवलं, तर तिला सांगता येईना. ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत म्हणत ती तिथवर आली, तेव्हा कुठे 'पाणी' निघालं. पान तिला पाठ होतं. सगळा वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा अशी मुलं त्या सुरात लपून जातात.

क ते ज्ञ आधी पाठ, मग बाराखडी, मग शब्द, या वाटेने मुलाच्या हाती अर्थ फार उशिरा लागतो. त्याऐवजी म, क, ल आणि काना एवढंच घेतलं, तरी मामा, काका, लाल, मका, काम होतात. आपल्याकडचा कमालसुद्धा पहिल्याच आठवड्यात स्वतःचं नाव वाचतो!

दुसरा मुलगा याच्या उलट. त्याने 'ओढ्याला पूर आला' हे वाक्य बिनचूक वाचलं. पूर कशाला आला, विचारलं तर गप्प. त्याच्या घरी दखनी बोलतात, ओढ्याला नाला म्हणतात. शेजारचा पोरगा पुटपुटला, "अरे, नाला!" मग काय, नाला कसा भरला, अब्बांची गाडी कशी अडकली, हे तो थांबेचना. बाईंनी त्याला अडवलं नाही. त्याचंच वाक्य फळ्यावर लिहिलं : 'नाला भर गया, अब्बा की गाडी अटकी.' ते त्याने वाचलं. मग वर्गाने मिळून खाली लिहिलं : 'ओढा भरला, अब्बांची गाडी अडकली.' त्या दिवशी 'ओढा' त्याचा झाला. मी पाहिलेला सगळ्यात चांगला तास तो.

दखनी आणि मराठी काही परक्या नाहीत. आपलं 'नक्को' मराठीतलं, 'मैं इच'मधला 'च' मराठीतला. आणि शाळेतलं दप्तर, कागद, शाई, हजेरी हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. तरी घरची बोली वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची, असं आपणच पोरांना बजावतो. ऊस आणि गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला की बाहेरून आलेल्या कामगारांची मुलं वर्गात येतात. त्यांचीही हीच अडचण असते, म्हणजे हा प्रश्न फक्त आपला नाही.

एक मुलगी 'शाळा'ला 'शाला' वाचायची, 'बाळ'ला 'बाल'. दखनीत ळ नाही, मग जिभेला वेळ लागणारच. अर्थ तिला नीट कळत होता. पण दर ओळीला टोकल्यामुळे तिने मोठ्याने वाचणंच सोडलं. म्हणजे जिला कळतं ती कच्ची ठरली, आणि जिचं पाठ आहे ती हुशार.

हे किरकोळ वाटेल. पण ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टच असं आहे, की २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. आणि महाराष्ट्रात आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. आपल्या घरांत मागे राहिलेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६च्या पत्रात फातिमाचा उल्लेख केला आहे. आपण फातिमा शेख यांचा फोटो स्टेटसला ठेवतो, ठेवावाच. पण आपल्याच गल्लीतली तिसरीतली पोर वाचते कशी, हे आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय?

"हमना मराठी पढना नहीं आता," असं आया सांगतात. गरजही नाही. पोरीने मराठीत वाचावं, गोष्ट दखनीत सांगावी. आईने फक्त विचारायचं, "फिर क्या हुआ?" पोरीला सांगता आलं, तर तिला कळलंय. अडखळली, तर दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगायचं, की या पानाला अडते.